नीस : सूर्यप्रकाशाचे मूल्य आणि नगराची घडण

नगरांच्या उत्पत्तीचा विचार करताना भूगोलज्ञ सामान्यतः बंदर, खाण, बाजारपेठ, तीर्थक्षेत्र किंवा राजधानी यांपैकी एखादे कारण शोधतो. परंतु गेल्या अडीचशे वर्षांत यूरोपात अशी काही नगरे उदयास आली की ज्यांच्या वाढीला यांपैकी कोणतेही कारण पुरेसे होत नाही. ह्या नगरांनी बाहेरच्या जगाला जी वस्तू देऊ केली ती खणून काढता येत नाही, आणि गाडीत भरून पाठविताही येत नाही. ग्राहकालाच तिच्यापर्यंत यावे लागते. ती वस्तू म्हणजे हवा आणि ऊन. भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील नीस हे फ्रेंच नगर ह्या वर्गाचे ठळक उदाहरण होय.

नीसच्या आकर्षणाचे स्पष्टीकरण वरवर पाहता सोपे वाटते. तेथे ऊन आहे, निळा समुद्र आहे, मागे पर्वत आहेत. म्हणून लोक येतात. तथापि ह्या उत्तराने दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिली अशी की, ऊन आणि समुद्र हे रोमन काळातही होते. मग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी केवळ त्यांच्यासाठी तेथे जाऊन राहणारा परदेशी माणूस जवळजवळ का आढळत नाही? दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. सुमारे दीडशे वर्षे नीसला येणारा पाहुणा ऑक्टोबरमध्ये येई आणि एप्रिल-मेमध्ये परत जाई. उन्हाळ्यात त्या नगरातील मोठी हॉटेले बंद असत. पुढे दोन पिढ्यांच्या आत हा क्रम उलटला. सूर्य तोच, समुद्र तोच, नगरही तेच. परंतु एका काळी जो ऋतू टाळावयाचा तोच दुसऱ्या काळी गाठावयाचा ठरला. ह्या बदलाचा विचार केल्याखेरीज नीसच्या भूगोलाचे आकलन होणार नाही.

१. स्थान आणि हवामान

नीस सुमारे ४३° ४२' उत्तर अक्षवृत्तावर, 'देवदूतांचा उपसागर' ह्या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्धचंद्राकृती उपसागराच्या काठी वसले आहे. पश्चिमेस वार नदी असून १८६० पर्यंत तीच फ्रान्स आणि सव्हॉय घराण्याचा मुलूख यांच्यामधील सीमा होती. पूर्वेस किल्ल्याची टेकडी, तिच्या पायथ्याशी जुने गाव आणि पलीकडे बंदर आहे. उत्तरेस आल्प्सच्या रांगा झपाट्याने उंचावत जातात. समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर अंतरावर ३,००० मीटरांहून उंच शिखरे आहेत.

हे पर्वत नगराच्या हवामानाचे मुख्य रक्षक होत. उत्तरेकडील थंड वारे त्यांच्यामुळे अडतात. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटणारा मिस्त्राल हा कोरडा व झोंबणारा वारा मार्सेलिसकडील प्रदेशाला हैराण करतो. पण मोर आणि एस्तरेल ह्या डोंगरांच्या आडोशामुळे नीसला त्याचा उपद्रव बराच कमी होतो. जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे ९° सेल्सिअस, तर जुलै-ऑगस्टचे सुमारे २४° असते. वर्षाकाठी सूर्यप्रकाश सुमारे २,७०० तास मिळतो. पॅरिसमध्ये तो सुमारे १,७०० तास इतकाच असतो.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. नीस हे काही कोरडे नगर नव्हे. तेथील वार्षिक पर्जन्यमान ७०० मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे पॅरिसपेक्षा जास्त आहे. फरक पावसाच्या प्रमाणात नसून त्याच्या पडण्याच्या रीतीत आहे. पॅरिसमध्ये पाऊस वर्षभर थोडाथोडा झिमझिमत राहतो. नीसमध्ये तो मुख्यतः शरद ऋतूत, थोड्या दिवसांत, जोरदार सरींनी कोसळून मोकळा होतो आणि आकाश पुन्हा निरभ्र होते. पाहुण्याच्या दृष्टीने पावसाच्या मिलिमीटरांपेक्षा पावसाळी दिवसांची संख्या महत्त्वाची असते. नीसची कीर्ती ह्या फरकावर उभी आहे.

किनारा मात्र कल्पनेतील पुळणीसारखा नाही. तो वाळूचा नसून गुळगुळीत गोट्यांचा आहे, आणि पाणी काठापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होते. समुद्रस्नान हेच जर प्रारंभीचे आकर्षण असते, तर ह्या किनाऱ्याची निवड झाली असती किंवा नाही ह्याची शंका घेण्यास जागा आहे.

२. हवापालटाचे शास्त्र

नीसचा प्राचीन इतिहास थोडक्यात सांगता येईल. मासालिया, म्हणजे आजचे मार्सेलिस, येथील ग्रीकांनी ख्रिस्तपूर्व काळात येथे निकाया हे ठाणे वसविले. रोमनांनी शेजारच्या सिमिए टेकडीवर सेमेनेलुम हे प्रांतिक केंद्र उभारले. १३८८ मध्ये नगर सव्हॉय घराण्याच्या छत्राखाली आले. १७०६ मध्ये चौदाव्या लुईच्या आज्ञेने टेकडीवरील किल्ला पाडण्यात आला. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीस हे ऑलिव्ह, द्राक्षे व संत्र्या-लिंबांच्या बागांमध्ये वसलेले एक सामान्य बंदर होते.

१७६३ मध्ये टोबियस स्मॉलेट हा स्कॉटिश लेखक तेथे आला. तो कादंबरीकार होता तसाच शस्त्रवैद्यही होता. शिवाय स्वतः छातीच्या विकाराने जर्जर झालेला होता. नीसमधील मुक्कामात त्याने हवामानाची नियमित नोंद ठेवली आणि ती १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या फ्रान्स व इटलीच्या प्रवासवर्णनास जोडली. स्थानिक लोकांवर त्याने कठोर टीका केली. तरीही ह्या ग्रंथामुळे नीसच्या हवेची वार्ता इंग्लंडमध्ये पसरली. स्मॉलेटने मे महिन्यात समुद्रात स्नान करण्यास प्रारंभ केला तेव्हा क्षयी दिसणारा मनुष्य समुद्रात उतरतो ह्याचे तेथील रहिवाशांना आश्चर्य वाटले, आणि काही वैद्यांनी त्याच्या तात्काळ मृत्यूचे भाकीत केले. ज्या गोष्टीसाठी आज लक्षावधी लोक नीसला जातात ती त्या काळी नीसकरांना वेडेपणाची वाटत होती.

स्मॉलेटमागून येणाऱ्यांमध्ये रुग्णांचा भरणा मोठा होता. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. रोगजंतूची कल्पना अस्तित्वात नव्हती; रोगाचे मूळ दूषित, दमट किंवा थंड हवेत शोधले जाई, आणि म्हणून उपायही हवा बदलण्याचाच असे. मराठीतील 'हवापालट' हा शब्द ह्याच वैद्यकीय समजुतीचा वारसा सांगतो. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८–२९ च्या सुमारास महाबळेश्वर येथे आरोग्यस्थान वसविले त्यामागेही हीच विचारसरणी होती. उष्ण प्रदेशातील इंग्रज थंड डोंगराकडे जाई, तर थंड प्रदेशातील इंग्रज उबदार किनाऱ्याकडे. दिशा उलट असल्या तरी सिद्धांत एकच होता.

ह्या उपचाराचा गुण येई तितकाच त्याला अपयशही येई. 'अबाइड विथ मी' ह्या प्रसिद्ध प्रार्थनागीताचा कर्ता हेन्री फ्रान्सिस लाइट हा क्षयी धर्मोपदेशक १८४७ मध्ये नीस येथेच मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले. हे गीत महात्मा गांधींचे आवडते होते, आणि त्याची धून दिल्लीतील प्रजासत्ताकदिनोत्तर लष्करी सोहळ्यात २०२२ मध्ये वगळली जाईपर्यंत अनेक वर्षे वाजविली जात असे. रशियाचा युवराज निकोलस १८६५ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी नीसमध्येच निवर्तला. ज्या उद्यानगृहात त्याचा अंत झाला त्या परिसरात पुढे भव्य रशियन कॅथीड्रल उभारण्यात आले व १९१२ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. चेकॉव्हसारखा स्वतः डॉक्टर असलेला लेखकही १८९७–९८ चा हिवाळा क्षयावर उपाय म्हणून येथे काढून गेला. नीसच्या आकर्षणाचा पाया अशा रीतीने आजाऱ्यांच्या आशेवर घातला गेला, ही गोष्ट त्याच्या आजच्या उल्हसित रूपामुळे विसरली जाते.

३. पाहुण्यांसाठी बांधलेले नगर

परदेशी वस्ती जुन्या गावात मिसळली नाही. ती पश्चिमेकडील बागायती भागात स्वतंत्रपणे वाढली. हा भाग आणि जुने गाव यांच्यामध्ये पेयों हा ओढा होता, आणि समुद्रकाठाने चालण्यास धड वाट नव्हती. १८२० नंतरच्या एका कडक हिवाळ्यात संत्र्यांच्या बागा गारठून गेल्या व गरीब लोकांवर उपासमारीची पाळी आली. तेव्हा लुइस वे ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या देशबांधवांकडून वर्गणी जमा करून ह्या बेकारांकडून समुद्रकाठी एक अरुंद पायवाट बांधून घेतली. स्थानिक लोक तिला 'इंग्रजांची वाट' म्हणू लागले. जगप्रसिद्ध 'प्रोमनाद देझांग्ले' ह्या सुमारे सात किलोमीटर लांबीच्या राजमार्गाचे मूळ असे एका दुष्काळी कामात आहे. १९३१ मध्ये रुंदीकरणानंतर त्याचे उद्घाटन ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या हस्ते झाले. हेच गृहस्थ १८८६ ते १८९० ह्या काळात मुंबई लष्कराचे सरसेनापती होते.

नगराच्या वाढीला शिस्त लावण्याचे कार्य सार्डिनियाच्या राजवटीने केले. १८३२ मध्ये 'कोन्सिल्यो दोर्नातो' म्हणजे नगरशोभा-मंडळ स्थापन झाले. नव्या रस्त्यांची रेषा, इमारतींची उंची व दर्शनी बाजू, वृक्षराजी ह्या सर्वांस ह्या मंडळाची संमती लागत असे. उद्योग किंवा संरक्षण यांऐवजी पाहुण्यांचे सुख आणि दृश्याचे सौंदर्य हे हेतू डोळ्यांपुढे ठेवून केलेली नगररचना म्हणून ह्या प्रयोगास नगररचनेच्या इतिहासात स्थान आहे.

१८६० मध्ये तुरिनचा तह व सार्वमत यांद्वारे नीस फ्रान्समध्ये सामील झाले. नीस हीच जन्मभूमी असलेल्या गॅरिबाल्डीने ह्या सामिलीकरणास तीव्र विरोध केला. परंतु त्याचा उपयोग झाला नाही. १८६४ मध्ये लोहमार्ग आला आणि अनेक दिवसांचा कष्टाचा घोडागाडीचा प्रवास संपला. ह्याचा परिणाम लोकसंख्येत स्पष्ट दिसतो. १८६१ मध्ये नीसची लोकसंख्या सुमारे ४८ हजार होती. १९११ मध्ये ती सुमारे १ लाख ४३ हजार झाली. ही वाढ मुख्यतः पाहुण्यांच्या सेवेसाठी आलेल्या लोकांची होती. त्यांत शेजारच्या पीडमाँट व लिग्युरिया येथून आलेले गवंडी, स्वयंपाकी, धोबिणी व मोलकरी यांचा मोठा वाटा होता.

राणी व्हिक्टोरिया १८९५ ते १८९९ ही पाच वर्षे वसंतकाळी सिमिए टेकडीवर येऊन राहिली. तिच्या परिवारात मुन्शी अब्दुल करीम व अन्य भारतीय सेवक असत. तिच्या वास्तव्यासाठीच जणू बांधलेले 'एक्सेलसिअर रेजिना' हे प्रचंड हॉटेल १८९७ मध्ये खुले झाले. १८७३ मध्ये उत्सव-समितीने जुन्या लोकोत्सवाला संघटित मिरवणुकीचे स्वरूप दिले आणि कार्निव्हल हा हिवाळी हंगामाचा कळस ठरला. १८८७ मध्ये स्तेफां लिएजार ह्या लेखकाने आपल्या ग्रंथाला 'ला कोत दाझ्युर', म्हणजे निळाईचा किनारा, असे नाव दिले, आणि ते सगळ्या प्रदेशाला चिकटले.

नीसचा 'निसर्ग' देखील ह्याच काळात घडविला गेला. समुद्रकाठी डौलाने उभी असलेली कॅनरी बेटांवरील ताडजातीची झाडे १८६४ च्या सुमारास प्रथम लावली गेली. निलगिरी आणि हिवाळ्यात पिवळ्या फुलांनी बहरणारा मिमोझा हे ऑस्ट्रेलियातून आले. स्थानिक भूदृश्य ऑलिव्हचे, वेलींचे व संत्र्यांचे होते. उत्तरेकडील पाहुण्याला मात्र आपण विषुववृत्ताच्या दिशेने आलो आहोत असा प्रत्यय हवा होता; तो ह्या आयात झाडांनी दिला. ज्याला सामान्यतः नैसर्गिक आकर्षण म्हटले जाते त्याचा बराचसा भाग अशा प्रकारे मानवनिर्मित आहे.

४. हंगामाची उलथापालथ

हिवाळी नीसचा पाया विसाव्या शतकाच्या प्रारंभी खचू लागला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला. क्षय संसर्गजन्य आहे हे कळल्यावर क्षयी पाहुणा हॉटेलमालकाला नकोसा झाला. त्याच सुमारास उंच पर्वतांतील आरोग्यधामांची चलती झाली. पहिल्या महायुद्धात हॉटेलांची रुग्णालये बनली. १९१७ च्या क्रांतीने रशियन सरदारवर्ग नाहीसा झाला. १९२९ नंतरच्या मंदीने इंग्रज व अमेरिकन धनिकांना ग्रासले.

दुसरीकडे उन्हाकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. डॅनिश वैद्य फिन्सेन यास प्रकाशोपचाराबद्दल १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी रोलिए याने स्वित्झर्लंडमध्ये सूर्यस्नानाचे चिकित्सालय सुरू केले. एकोणिसाव्या शतकातील पाहुणा सौम्य उबेसाठी येई. भर उन्हापासून तो छत्री, टोपी व हातमोजे यांनी आपले रक्षण करी, कारण रापलेली त्वचा हे मजुराचे लक्षण समजले जाई. परंतु औद्योगिक नगरांत मजूर कारखान्याच्या छपराखाली गेला आणि फिकटपणा श्रमाचे चिन्ह ठरू लागला, तेव्हा रापलेली त्वचा ही फुरसतीची खूण बनली. १९२० नंतरच्या दशकात काही अमेरिकन कुटुंबांनी जवळच्या आंतीब येथे उन्हाळ्यात राहण्याचा पायंडा पाडला. १९३० च्या आसपास किनाऱ्यावरील हॉटेलेही उन्हाळ्यात उघडी राहू लागली. १९३६ मध्ये फ्रान्समधील कायद्याने कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ही रजा बहुधा उन्हाळ्यात घेतली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारगाडी व विमान यांच्या साहाय्याने हा प्रवाह महापुरासारखा वाढला.

ह्या परिवर्तनाची खूण नगराच्या नकाशावर उमटली आहे. हिवाळी रुग्णासाठी सिमिएसारखी दक्षिणाभिमुख, आडोशाची व समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासून दूर असलेली टेकडी योग्य समजली जाई. उन्हाळी पाहुण्याला मात्र पाण्याच्या जवळ राहावयाचे असते. साहजिकच टेकडीवरील राजेशाही हॉटेले ओस पडली आणि त्यांचे निवासी गाळ्यांत रूपांतर झाले. 'रेजिना'चीही हीच गत झाली. चित्रकार मातीस १९३८ मध्ये तिच्यातीलच एका गाळ्यात राहावयास गेला. तो १९१७ च्या अखेरीस प्रथम नीसला आला तेव्हा सतत पावसाने त्रासून परत निघण्याच्या बेतात होता. इतक्यात आकाश स्वच्छ झाले आणि तेथील प्रकाशाने त्याला बांधून ठेवले. १९५४ मध्ये त्याचे निधन नीस येथेच झाले.

५. आकर्षणाची किंमत

पाहुण्यांच्या डोळ्यांना दिसणारे नगर आणि त्यांची सेवा करणारे नगर ही दोन वेगळी नगरे आहेत ही जाणीव झां व्हिगो ह्या तरुण दिग्दर्शकाने १९३० मधील आपल्या मूक लघुपटात तीव्रपणे व्यक्त केली. समुद्रकाठच्या खुर्च्यांवर सुस्तावलेले धनिक आणि जुन्या गावातील अरुंद बोळांत राबणारी माणसे यांना त्याने समोरासमोर उभे केले. हरभऱ्याच्या पिठाचा 'सोका' नावाचा जाड धिरड्यासारखा पदार्थ हे ह्या बोळांतील गरिबाचे अन्न होते; आज तोच पदार्थ पाहुण्यांचे कौतुकाचे खाद्य झाला आहे. ह्या बदलात बरेच काही सामावले आहे. जुने गाव स्वतःच प्रेक्षणीय वस्तू बनल्यावर तेथील घरांची मागणी पाहुण्यांकडून व दुय्यम निवासस्थान घेणाऱ्यांकडून वाढते, आणि ज्यांच्यामुळे त्या गावाला गावपण आले त्यांना तेथे राहणे परवडेनासे होते.

जमिनीची टंचाई हा दुसरा प्रश्न होय. पर्वत व समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीमुळे विमानतळ वारच्या मुखाशी समुद्रात भराव टाकून विस्तारावा लागला. १६ ऑक्टोबर १९७९ रोजी विमानतळालगतच्या नव्या बंदराच्या भरावाचा भाग समुद्रात कोसळून लाटा उसळल्या व जीवितहानी झाली. हा विमानतळ २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख प्रवाशांनी वापरला. त्या वर्षी फ्रान्समध्ये पॅरिसच्या दोन विमानतळांनंतर त्याचाच क्रमांक होता. ज्या पर्वतांनी नगराला आडोसा दिला त्याच पर्वतांतील दऱ्यांत २ ऑक्टोबर २०२० रोजी 'अलेक्स' वादळाच्या पावसाने रस्ते, पूल व घरे वाहून नेली. शरद ऋतूतील मोजक्या दिवसांत कोसळणारा पाऊस नीसच्या स्वच्छ आकाशाला कारण आहे, आणि पृष्ठप्रदेशाच्या विनाशालाही तोच कारण होऊ शकतो.

एकाच व्यवसायावर विसंबण्यातील धोका ह्या नगराने वारंवार अनुभवला आहे. १४ जुलै २०१६ च्या रात्री समुद्रकाठच्या राजमार्गावर झालेल्या हल्ल्यात ८६ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या मार्गाने नगराची ओळख जगाला झाली त्यावरच हा आघात झाला. २०२० मध्ये महासाथीने प्रवासच थांबविला. १९६५ मध्ये विद्यापीठाची स्थापना आणि १९६९ पासून नजीकच्या सोफिया-आंतिपोलिस ह्या तंत्रज्ञान-केंद्राची उभारणी यांमुळे प्रदेशाला दुसरा आधार मिळाला असला, तरी नगराचे जीवन आजही मोठ्या प्रमाणात पाहुण्यांशी निगडित आहे.

६. उपसंहार

जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने 'रिव्हिएरावरील हिवाळी विश्रामनगर' म्हणून नीसचा जागतिक वारसा-यादीत समावेश केला. ज्या हिवाळी नगराला काळाने मागे टाकले त्याचाच हा गौरव आहे. तो घडला भर जुलैत, जेव्हा एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक सभ्य पाहुण्याने नगर सोडलेले असे.

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष व्हिदाल द ला ब्लाश यांच्या संप्रदायाने मांडलेल्या संभववादाशी जुळणारा आहे. निसर्ग शक्यता पुरवितो. त्यांतील कोणती शक्यता केव्हा मूल्यवान ठरावी हे मानवी समाज ठरवितो. आल्प्सचा आडोसा, निरभ्र आकाश आणि उबदार समुद्र ह्या शक्यता होत. रोगासंबंधीची समजूत, लोहमार्ग, रजेचा कायदा आणि त्वचेच्या वर्णाविषयीची अभिरुची यांनी त्यांना आळीपाळीने मोल दिले किंवा काढून घेतले. तथापि येथे संभववादाला एक पुस्ती जोडणे अगत्याचे आहे. एका काळाने केलेली निवड दगडविटांत बांधली जाते आणि पुढील काळाला तिच्यासह जगावे लागते. क्षयरोग्यांसाठी आखलेल्या रस्त्यांवरून आज सूर्यस्नानासाठी आलेले लोक फिरतात. उपासमार टाळण्यासाठी बांधलेली पायवाट नगराचे भूषण बनते.

२००३ सारख्या उष्णतेच्या लाटा वरचेवर येऊ लागल्या असताना भूमध्य किनाऱ्यावरील उन्हाळा असह्य होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसे झाल्यास पाहुणा पुन्हा हिवाळ्याकडे वळेल, आणि सिमिएच्या टेकडीवरील दक्षिणाभिमुख सज्जांना नवे मोल येईल. नीसच्या अडीच शतकांच्या इतिहासात हंगाम एकदा उलटला आहे. तो दुसऱ्यांदा उलटणारच नाही असे मानण्यास भूगोलात आधार नाही.